प्राँगहॉर्नच्या पहिल्या शिकारीसाठी काडतूस कोणतं, गोळी कोणती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही डेन्व्हरजवळ राहता. वायोमिंगच्या ड्रॉमध्ये, म्हणजे शिकार परवान्यांच्या सोडतीत, प्राँगहॉर्न या हरणासारख्या दिसणाऱ्या माळावरच्या जनावराच्या मादीचं लायसन्स लागलंय, ऑक्टोबरात जायचंय, आणि रायफल अजून घेतलेली नाही. ऑफिसातला एक जण त्याची .३०० विंचेस्टर मॅग्नम वापरायला द्यायला तयार आहे. दुकानदार म्हणतो ६.५ क्रीडमूर घ्या. व्हिडिओ पाहिले तर .२४३ पुरे म्हणतात. (ही सगळी काडतुसांची नावं, रायफल त्या त्या काडतुसाची असते.) तिथे उघडा माळ आहे, ४००-५०० यार्डांवरून मारावं लागतं, असं कुणीतरी सांगितलंय. म्हणून तुम्ही विचारताय, की सगळ्यात ताकदीचं घेऊ की सगळ्यात सपाट जाणारं, म्हणजे ज्याची गोळी लांबवर कमीत कमी खाली येते असं?

घाईत असाल तर एवढंच वाचा: ६.५ क्रीडमूर घ्या, साधी फुलणारी (अंगात शिरल्यावर टोक उघडणारी) १२० ते १४३ ग्रेन वजनाची गोळी वापरा, आणि २५० यार्डांपलीकडे चाप ओढू नका. सहकाऱ्याची मॅग्नम आभार मानून परत करा.

वेळ असेल तर पुढचं वाचा, कारण मला यातला खरा प्रश्न काडतुसाचा वाटतच नाही. दोन-तीन महिन्यांपूर्वी रायफल हातात घेतलेला माणूस भर वाऱ्यात, रांगत जाऊन धाप लागलेली असताना, कोपराला निवडुंगाचे काटे टोचत असताना, नऊ इंची ताटलीएवढ्या जागेत किती लांबून गोळी घालू शकतो, हा खरा प्रश्न आहे. तो आकडा हातात आला की गोळी ठरते. गोळी ठरली की काडतूस जवळजवळ आपोआप ठरतं. बहुतेक जण हे उलट्या क्रमाने करतात. मीही केलं होतं, ते पुढे सांगतो.

माझ्याविषयी थोडं, म्हणजे कुठल्या वजनाने हे घ्यायचं ते कळेल. मी फोर्ट कॉलिन्सला राहतो. वीसेक वर्षं वायोमिंगात प्राँगहॉर्नला जातोय आणि दर उन्हाळ्यात दोन-चार नवख्यांना रेंजवर घेऊन बसतो. मी लांब पल्ल्याचा नेमबाज नाही. माझी बहुतेक जनावरं दीडशे ते सव्वादोनशे यार्डांत पडलेली आहेत. पाचशे यार्डांवर रोज सराव करणारा माणूस यातल्या निम्म्या गोष्टींवर माझ्याशी भांडेल, आणि त्याच्यापुरतं त्याचं बरोबरही असेल.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. ‘गोळ्यांचं खोकं’ म्हणतो ते खरं तर काडतुसांचं खोकं. पितळी नळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी, हे सगळं मिळून एक काडतूस. बार उडाला की दारू जळते, पुढे जाते ती फक्त गोळी, बाकी सगळं तुमच्यापाशीच राहतं. ‘.२७० विंचेस्टर’ हे काडतुसाचं नाव. त्याच्या तोंडाशी मऊ शिशाची गोळी असू शकते, आत तांब्याचा पडदा असलेली असू शकते, किंवा अखंड तांब्याची. जनावराच्या अंगात शिरल्यावर त्या तिन्ही वेगवेगळ्या वागतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपला जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे १४३ ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याहून जराशीच जड. एवढ्याशा धातूने काय करायचंय, ते जनावरावर अवलंबून आहे.

आणि जनावर कोणतं, हे ‘अँटिलोप’ या शब्दावरून कळत नाही. आपण सरसकट हरीण म्हणून मोकळे होतो तसंच ते. प्राँगहॉर्न तर खरं अँटिलोपही नाही. आज जिवंत असलेल्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग जिराफ आणि ओकापी. त्याच्या शिंगावरचं कवच दर वर्षी गळून नवं येतं, आपल्या काळविटाचं तसं कधी होत नाही. नर पन्नास ते साठ किलोचा, मादी साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोची. कातडी पातळ, बरगड्या बारीक, छाती आडवी पाहिली तर वरून खाली चौदा-पंधरा इंच. धावायला लागलं तर ताशी ८५-९० किलोमीटर. वेग अफाट, पण अंगाने ते मोठ्या बोकडाच्याच आसपास.

हे सांगण्याचं कारण टेक्सासचं उदाहरण देऊन स्पष्ट होईल, आणि ते आपल्या माणसांना ऐकायला मजेशीर वाटतं. टेक्सासात भारतातून आणलेली काळविटं आहेत आणि नीलगायीही आहेत. १९२० आणि १९३०च्या दशकांत तिथल्या रँचवाल्यांनी त्या आणून सोडल्या, त्या तिथे फोफावल्या, आणि आज तिथे त्यांची कायदेशीर शिकार होते. दोन्ही ‘अँटिलोप’च. पण काळवीट चाळीस किलोचं, आणि नीलगायीचा नर, ज्याला विदर्भात रोही म्हणतात, तो दोनशे किलोंच्या वर जातो. कातडी जाड, खांदा भक्कम. काळविटाला .२४३ची मऊ गोळी पुरून उरते. तीच गोळी रोह्याच्या खांद्यावर मारलीत तर ती वरच्यावर फुटून जाईल आणि जनावर जखमी होऊन काटेरी झुडपात नाहीसं होईल. आफ्रिकेतही तेच: स्प्रिंगबक तीस-चाळीस किलोंचं, कुडू दोनशेच्या वर, आणि एलंडचा नर सात-आठशे किलोंचा. म्हणून ‘अँटिलोपसाठी काय घेऊ’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘चाळीस किलोंच्या प्राँगहॉर्न मादीसाठी काय घेऊ’ याला आहे.

(इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. भारतात यातलं काहीही चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. मी सोलापूरकडचा. नान्नजच्या माळावर लहानपणी काळविटांचे कळप पाहिलेत, आणि तिथे ते पाहायचेच असतात.)

आता गोळी नेमकं काय करते ते बघू. रायफलची गोळी जनावराला धक्क्याने पाडत नाही. ‘नॉकडाउन पॉवर’ वगैरे शब्द दुकानात ऐकाल, ते कानाआड करा. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून आरपार जाताना फुलते, म्हणजे तिचं टोक मागे वळून छत्रीसारखं उघडतं, आणि मोठी जखम होते. रक्तदाब पडतो, मेंदूला रक्त पोचत नाही, आणि जनावर दहा-पंधरा सेकंदांत खाली बसतं. तेवढ्यात ते पन्नास-शंभर यार्ड धावूही शकतं, त्याने घाबरून जायचं नाही. जनावर पूर्ण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या जरा मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या थोडं वर, ही जागा. फुफ्फुसांचा हा भाग आठ-नऊ इंच व्यासाचा धरा. गोळी चार इंच मागे गेली की पोटात, आणि पोटात लागलेलं जनावर तासन्‌तास मरत नाही. सगळा हिशेब या चार इंचांचा आहे.

तुम्हाला सगळ्यात जास्त भुलवलंय ते अंतराने, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो.

वायोमिंगातल्या लॅरमी, रॉलिन्स, कॅस्पर या पट्ट्यात वारा नसलेला दिवस विरळा. ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ६.५ क्रीडमूरची १४३ ग्रेनची लांबट गोळी ३०० यार्डांवर साधारण पाच इंच सरकते. .२४३ची शंभर ग्रेनची साधी गोळी सातेक इंच. म्हणजे काडतूस बदलून तुम्ही दोन इंच कमावलेत. दुकानदार याच दोन इंचांवर रायफल विकतो. पण वारा दहाचा आहे की वीसचा, हे तुम्हाला ओळखता येतं का? मलाही दर वेळी येत नाही. वीसचा असेल तर क्रीडमूरची गोळीसुद्धा दहा इंच सरकणार. तुमचा वाऱ्याचा अंदाज चुकला तर पाच इंच चुकतात, काडतूस ‘चुकलं’ तर दोन. चूक मोठी कुठली आहे ते बघा. वर जनावर उभं आहे त्या घळीत वारा वेगळा असतो आणि तुमच्या गालावर वेगळा, ते आणखी निराळंच.

आता ४०० यार्डांचं बघू. रायफल २०० यार्डांवर शून्य केली असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेम धरला तिथेच लागेल अशी लावली असेल, तर ३०० यार्डांवर गोळी सातेक इंच खाली जाते आणि ४०० वर वीस इंचांहून जास्त. अंतर मोजायचं यंत्र असलं तर एवढं सावरता येतं. सावरता येत नाही ते वेगळंच: गोळीला तिथवर जायला अर्धा सेकंद लागतो. चरत चरत चालणारं प्राँगहॉर्न अर्ध्या सेकंदात दीड-दोन फूट पुढे सरकतं. चाप ओढला तेव्हा ते थांबलेलं होतं, गोळी पोचेपर्यंत त्याने पाऊल टाकलं, आणि तुमचा नेम अचूक असूनही गोळी पोटात. याला कुठलंच काडतूस उत्तर नाही.

‘मोकळ्या माळावर जवळ जाता येत नाही’ हे अर्धसत्य आहे. प्राँगहॉर्नची नजर विलक्षण आहे, ते तुम्हाला मैलभरावरून पाहतं, हे खरं. पण तो माळ दिसतो तितका सपाट नसतो. सेजब्रशच्या झुडपांमध्ये कोरडे ओढे, बुटकी टेकाडं, घळी, सगळं असतं. गाडीतून दिसलेल्या कळपाकडे सरळ चालत गेलात तर ते पळणारच. दुर्बिणीने बघून ते कुठल्या दिशेने चरतायत ते हेरायचं, मागून टेकाडाच्या आडोशाने वळसा घालायचा, शेवटचे शंभर यार्ड पोटावर सरकायचं. गुडघ्यांना फोम बांधा आणि हातात चामडी मोजे घाला, या एका सल्ल्याबद्दल लोक मला नंतर आवर्जून धन्यवाद देतात. तासभर वळसा घातला तर दीडशे-दोनशे यार्ड सहज मिळतात. शिवाय प्राँगहॉर्नला कुंपणावरून उडी मारायची सवय नाही, ते तारेखालून सरपटत जातं. कुंपणाच्या कुठल्या जागेखालून वाट पडलीय ते हेरून तिथे तुमचा वास त्यांच्याकडे जाणार नाही अशा बाजूला नुसतं बसून राहिलात तरी चालतं.

तुमचा स्वतःचा आकडा काढायची रीत सोपी आहे. नऊ इंची कागदी ताटली टांगा. रेंजवरच्या टेबलावर रायफल टेकवून नाही, तर शिकारीत जसं बसणार तसं मारा: काठ्यांवर टेकून बसून, किंवा नळीखाली बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून पालथं पडून. आधी दोनशे पावलं पळून या, म्हणजे श्वास चढेल. मग पाच बार. पाचही ताटलीत बसले तर पन्नास यार्ड मागे जा. ज्या अंतरावर पाचातला एक जरी बाहेर गेला, त्याच्या आधीचं अंतर ही तुमची हद्द. वारा असेल तर त्यातून आणखी पन्नास वजा करा. बहुतेक नवख्यांची हद्द पहिल्या वर्षी १५० ते २०० निघते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता माझी गोष्ट. पहिल्या वर्षी मीसुद्धा मित्राची .३०० मॅग्नम घेऊन गेलो होतो. चूक त्या रायफलची नव्हती. एल्क या मोठ्या हरणासाठी ती उत्तम, त्याच्याकडे ती त्याच कामाला होती. पण तिचा खांद्याला बसणारा दणका ६.५ क्रीडमूरच्या साधारण दुप्पट, आणि मी तेव्हा आयुष्यात पन्नासेक बार काढलेले. रेंजवर दहा बारांनंतर खांदा ठणकायचा, म्हणून मी सरावच कमी केला. शिकारीत १८० यार्डांवर आडवी उभी असलेली मादी मिळाली, याहून सोपं काही नसतं. चाप ओढण्याआधीच माझे डोळे मिटले असणार, कारण दणक्याची वाट शरीर आधीच पाहत होतं. गोळी मागे लागली. संध्याकाळपर्यंत अडीच तास आम्ही त्या मादीच्या मागे होतो. दुसरा बार मिळाला तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. ते अडीच तास मी विसरलेलो नाही.

घरी आल्यावर मित्राने एक युक्ती केली. रेंजवर माझ्या नकळत मधूनच रायफलमध्ये नकली काडतूस भरायला लागला. मी चाप ओढला, बार उडालाच नाही, आणि नळी मात्र खाली झुकली. एवढं ढळढळीत दिसल्यावर वाद घालायला जागा नव्हती. तुम्हीही कुणाला तरी हे करायला सांगा. दोन डॉलरच्या नकली काडतुसाने जे कळतं ते हजार डॉलरच्या दुर्बिणीने कळत नाही.

म्हणून काडतुसाच्या निवडीत माझा पहिला निकष दणका हाच आहे. ज्याचे दोनशे बार तुम्ही हसतखेळत काढाल ते घ्या. .२४३ विंचेस्टर १९५५ पासून याच कामात आहे. प्राँगहॉर्नला ते पुरेसं आहे, दणका अगदी सौम्य. माझी मुलगी त्यानेच शिकली. त्याची मर्यादा वाऱ्यात दिसते आणि पुढे एल्कला जायचं म्हटलं की दिसते. ६.५ क्रीडमूर तसं नवं आहे, २००७-०८ सालचं. त्याचा गाजावाजा गरजेपेक्षा जास्त झालाय हे खरं, पण दणका कमी, गोळी वाऱ्यात कमी सरकते, आणि काडतुसं कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतात. रानात पोचल्यावर खोकं घरी राहिल्याचं लक्षात येतं तेव्हा हा शेवटचा मुद्दा पहिला होतो. .२५-०६ रेमिंग्टनला वायोमिंगातले जुने लोक प्राँगहॉर्नचं हक्काचं काडतूस मानतात. ते मानतात ते योग्यच, पण आता दुकानात शोधावं लागतं. ७ एमएम-०८ हे माझं स्वतःचं. त्याच्या बाजूने युक्तिवाद करत नाही, जुन्या बायकोसारखी सवय झालीय. (घरी हे वाचलं जाणार नाही अशी आशा आहे.)

.२७० विंचेस्टर १९२५ सालचं, यंदा-परवाच शंभरी गाठलेलं. जॅक ओकॉनर या शिकारी लेखकाने ते आयुष्यभर उचलून धरलं, आणि १३० ग्रेनच्या गोळीने ते आजही प्राँगहॉर्न, म्यूल डिअर, एल्क तिन्ही करतं. दणका क्रीडमूरपेक्षा जास्त, पण सोसवणारा. कुणी जुनी चांगली .२७० स्वस्तात देत असेल तर घ्या, मागे वळून पाहू नका. .३०८ आणि .३०-०६ चालतातच, १५० ग्रेनची गोळी वापरा, १८० ची नको. .२२३ वायोमिंगात कायद्याने चालतं, कारण तिथे प्राँगहॉर्नसाठी किमान .२२ व्यासाची, ६० ग्रेनची फुलणारी गोळी आणि दोन इंच लांबीचं काडतूस एवढीच अट आहे. कोलोराडोत मात्र किमान .२४ व्यास आणि ७० ग्रेन लागतात, शिवाय १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा. कायद्यात बसतं म्हणून नवख्याने .२२३ वापरावं असं मी म्हणणार नाही. त्यात जराशी चूकही निभावून जात नाही. नियमपुस्तिका दर वर्षीची नवी बघून घ्या.

आता गोळीची बांधणी. इथे तुम्ही विचार करायला हवा त्याच्या निम्माही लोक करत नाहीत.

सगळ्यात जुनी आणि स्वस्त जात म्हणजे तांब्याच्या पातळ कवचात शिशाचा गाभा, टोकाला शिसं उघडं. पातळ कातडीच्या, बारीक बरगड्यांच्या जनावराला ती लगेच फुलते आणि काम चोख करते. प्राँगहॉर्नला ती पुरेशी आहे. वाईट कधी? खूप वेगाने, खूप जवळून, खांद्याच्या हाडावर लागली तर. ती गोळी चुरा होते आणि पुढचा अख्खा पाय रक्ताळून फेकायच्या लायकीचा होतो. प्लॅस्टिकचं टोक असलेल्या मऊ गोळ्यांचंही तेच, त्या तर आणखी लवकर उघडतात.

दुसऱ्या टोकाला जाड जनावरांच्या गोळ्या. १९४६मध्ये जॉन नॉस्लर यांची गोळी मूस या अवाढव्य हरणाच्या चिखलाने माखलेल्या अंगावर वरच्यावर फुटली, त्या रागातून त्यांनी मधे पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा भाग शाबूत राहून आत घुसतो. ही गोळी सगळ्याला चालते, जराशी महाग आहे एवढंच. नीलगायीला जाल तेव्हा हीच जात घ्या.

तिसरी अखंड तांब्याची. ती फुटत नाही, पाकळ्यांसारखी उघडते आणि आरपार जाते. मी गेली काही वर्षं हीच वापरतो, आणि त्याचं कारण बॅलिस्टिक्स (गोळीच्या गतीचं शास्त्र) नाही, मुलं आहेत. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरवर मांसात पसरतात, एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतात, डोळ्याला दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, तिथे काँडर गिधाडांच्या विषबाधेचा प्रश्न होता. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई ते मटण खाणार असेल तर तांबं घ्या. शिसं वापरलंत तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, कंजुषी नको.

पण तांब्याची एक खोड आहे. ती उघडायला वेग लागतो. जातीनुसार साधारण १,८०० ते २,००० फूट प्रति सेकंदाच्या खाली ती नीट उघडत नाही, सुईसारखं भोक पाडून निघून जाते. म्हणून तांब्यात नेहमी वजन एक पायरी कमी घ्यायचं, म्हणजे वेग राहतो: .२४३ मध्ये ८० ते ८५ ग्रेन, क्रीडमूरमध्ये १२० च्या आसपास. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि नळीतले पेच तिला पुरेसं फिरवू शकले नाहीत तर ती डोलत जाते. तेही वजन कमी घेण्याचं कारण. तुमची हद्द २५० यार्डांची असेल तर वेगाची काळजी उरतच नाही. पाहिलंत ना, अंतराचा आकडा आधी काढला की गोळीचा प्रश्न कसा सुटतो ते.

ज्या गोळीने कागदावर भोक पाडायचा सराव करतात ती पूर्ण तांब्याच्या कवचातली टोकदार, न फुलणारी गोळी शिकारीला चालत नाही. ती स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. ती अंगातून सरळ निघून जाते आणि जनावर हाल होऊन मरतं. कायद्यानेही बंदी आहे.

तर तुमच्यापुरतं: ६.५ क्रीडमूर, वजनाने सात-आठ पौंडांची कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची साधी बोल्ट रायफल (प्रत्येक बारानंतर हाताने खटका ओढायची), त्यावर ३-९ पटींची दुर्बीण. घरात मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तांब्याची १२० ग्रेनच्या आसपासची गोळी, नाहीतर १४०-१४३ ग्रेनची शिशाच्या गाभ्याची. दोन-तीन जातींचं एकेक खोकं आणा, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. जी तीन बारांत दीड इंचात बसते तिचीच आणखी चार-पाच खोकी एकदम घ्या, शक्यतो एकाच लॉटची. १०० यार्डांवर दीड-दोन इंच वर लागेल अशी लावा, म्हणजे २०० वर शून्य होते आणि २५० पर्यंत नेम सरळ छातीच्या मधोमध धरायचा, आकडेमोड नको.

तुमचं ग्रीनकार्ड झालंय म्हणालात, त्यामुळे पुढची अडचण तुम्हाला नाही. पण हे वाचणाऱ्यांत एच-वन-बी वरचे बरेच असतील त्यांच्यासाठी: नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू शिकार लायसन्स. लायसन्स हातात यायच्या आधी मित्राच्या रायफलवर रेंजला जाऊन ‘एकच बार’ काढणं हेही बाळगणंच धरलं जाऊ शकतं. ग्रीनकार्डाच्या वाटेवर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि १ जानेवारी १९६६ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगात हंटर सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं, ते आत्ताच करून टाका, वर्ग भरतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ‘प्राँगहॉर्नचं मटण उग्र लागतं का?’ लोक ते खात असलेल्या सेजब्रशला दोष देतात. माझ्या अनुभवात दोष उन्हाचा आणि आळसाचा. ऑक्टोबरातही दुपारी ऊन चटकतं, आणि फोटो काढत बसलात, मग गाडीच्या टपावर बांधून शंभर मैल आलात, तर कुठलंही मटण उग्र लागेल. बार झाल्यावर अर्ध्या तासात पोट साफ करा, लगेच कातडी काढा, पाय सुटे करून कापडी पिशव्यांत घाला आणि बर्फाच्या कूलरमध्ये ठेवा, पण बर्फाच्या पाण्यात भिजू देऊ नका. दोन मोठे कूलर आणि चाळीस पौंड बर्फ आदल्या संध्याकाळी घेऊन ठेवा, पहाटे माळावर दुकान नसतं. मागच्या पायाचं मटण आमच्याकडे सोलापुरी काळ्या मसाल्यात होतं. मात्र त्यात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे बोकडाच्या अंदाजाने तेल घातलंत तर कोरडं होईल, थोडं जास्त घाला.